बाबांच्या जांघेतल्या धमनीला प्लग लावलाय, आठव्या दिवशी चालताना पोटरी भरून येते

पैलतीर
नमस्कार. माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. आठ दिवसांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. आधी उजव्या मनगटातून प्रयत्न केला होता. तिथली धमनी आखडली आणि वायर पुढे सरकेना, म्हणून उजव्या जांघेतून केलं. हृदयाचं सगळं नीट झालं. माझी काळजी जांघेची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आत्याची अँजिओग्राफी झाली तेव्हा मी तिच्याजवळ होते. नळी काढल्यावर एक तरुण मुलगा तिच्या जांघेवर दोन्ही हातांनी वीस मिनिटं दाबून उभा होता. कपाळावरचा घाम पुसायलाही त्याने हात काढला नाही. मग वाळूची पिशवी ठेवली आणि रात्रभर पाय सरळ. बाबांच्या वेळी यातलं काहीच झालं नाही. डॉक्टर म्हणाले, "टेबलवरच प्लग लावून भोक बंद केलंय, तीन तासांनी उठू द्या." संध्याकाळी बाबा स्वतःच्या पायांनी बाथरूमला गेले. आम्हाला किती बरं वाटलं, काय सांगू.

आता घरी काय दिसतंय ते लिहिते. मांडीवर तळहाताएवढं काळंनिळं झालं होतं, ते आता हिरवट-पिवळं होत गुडघ्याकडे उतरलंय. सुई टोचली तिथे कातडीखाली वाटाण्याएवढी कडक गाठ लागते. ती ठणकत नाही, वाढलेलीही नाही. पण परवापासून बाबा फाटकापर्यंत गेले की उजवी पोटरी भरून येते. दोन मिनिटं उभे राहिले की जाते. परत चालले की परत येते. डाव्या पायाला काही नाही. त्यांना आधी असं कधीच होत नव्हतं, रोज अर्धा तास फिरायचे. ते म्हणतात, "झोपून झोपून पाय आखडलाय, डॉक्टरांना उगाच त्रास नको."

डिस्चार्जच्या कागदावर एवढंच लिहिलंय: क्लोजर डिव्हाइस वापरलं. कोणतं, कसलं, काही नाही. ही गाठ म्हणजेच प्लग का? पोटरीचा आणि त्याचा काही संबंध असेल का? शिवाय मनात सारखं येतं की हाताने दाबलं असतं तर बरं झालं असतं का.

निवृत्त सिस्टर
पैलतीर, बाकी सगळं नंतर वाचा, आधी उठून हे करा. बाबांना झोपवा आणि दोन्ही पावलं उघडी ठेवून एकाच वेळी दोन्ही हात लावा. उजवं गार लागतं का? रंग फिका आहे का? पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध आणि घोट्याच्या आतल्या हाडामागे नाडी लागते, ती दोन्हीकडे सारखी आहे का? नाडी सापडली नाही म्हणून घाबरू नका, नवख्या बोटांना ती पटकन लागत नाही. पण दोन पायांत फरक असेल तर तो कळतो.

पाऊल गार, पांढरट, बधिर असेल, बोटं हलवायला जड जात असतील किंवा बसल्या जागीही दुखत असेल, तर इथे उत्तर लिहीत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा. असा पाय वाचवायला थोडेच तास हातात असतात. तसं काही नसेल तरीही आजच दाखवा आणि पायाच्या धमनीचं डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, मागा. चाललं की येणारी, थांबलं की जाणारी पोटरीतली कळ म्हणजे स्नायूला चालताना लागेल एवढं रक्त पोचत नाही. ती नव्याने, आठवड्याच्या आत, डिव्हाइस लावलेल्याच पायात सुरू झाली असेल तर झोपून पाय आखडला असं मी तरी म्हणणार नाही.

आणि काळंनिळं बघून रक्त पातळ करायची एकही गोळी बंद करू नका. नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते जिवावर बेततं.

मी १९ वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत, आणि तिथल्या रिकव्हरीत होते. आत्याच्या जांघेवर दाबून उभ्या असलेल्या त्या मुलाचं काम मीही शेकडो वेळा केलंय. पहिली काही वर्षं आमच्याकडे दुसरा उपाय नव्हता. ही डिव्हाइसं जगात १९९० च्या दशकाच्या मध्यावर आली. आमच्याकडे आली तेव्हा मला हायसं वाटलं होतं, कारण हाताने दाबलेल्या पेशंटची कंबर, तुंबलेली लघवी, रात्रभरची तगमग मी पाहिलेली होती. म्हणून मी त्यांच्या विरोधात मुळीच नाही. पण ती नेमकं काय करतात हे घरच्यांना सांगितलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्यांना प्लग म्हणतात, पण प्रकार वेगवेगळे आहेत. एकात धमनीच्या आत एक चपटा छोटा नांगर राहतो, बाहेरून कोलॅजन या विरघळणाऱ्या प्रथिनाचा गोळा बसतो आणि मधून दोरा दोघांना आवळून धरतो, म्हणजे भिंत दोन्हीकडून चिमटली जाते. हे सगळं साधारण ६० ते ९० दिवसांत विरघळतं. दुसऱ्यात खरोखरचा टाका घालतात. तो पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या दोऱ्याचा असतो आणि विरघळत नाही. तिसऱ्यात निटिनॉल या धातूची बारीक क्लिप बाहेरून बसते, तीही कायम राहते. काहींमध्ये आत काहीच ठेवत नाहीत, बाहेरून जेलसारखा पदार्थ सोडतात आणि तो फुगून भोक झाकतो. तुमच्या वाटाण्याबद्दल विचाराल तर बहुतेक वेळा ते कोलॅजन आणि त्याभोवती साकळलेलं रक्त असतं. वाढत नाही, बोटाखाली धडधडत नाही, तर त्याचं फार मनावर घेऊ नका. गाठ धडधडायला लागली किंवा मोठी झाली तर मात्र ते स्यूडोअ‍ॅन्युरिझम असू शकतं. म्हणजे भोक पुरतं मिटलेलं नसतं आणि रक्त बाहेरच्या पिशवीत ये-जा करत राहतं. तेही डॉपलरवर लगेच दिसतं, आणि पुष्कळदा सोनोग्राफीत बघत थ्रॉम्बिनचं, म्हणजे रक्त गोठवणारं, इंजेक्शन दिलं की बंद होतं.

पोटरीचं कारण वेगळं असू शकतं. नांगर असलेल्या प्रकारात कोलॅजनचा तुकडा आतल्या बाजूला ओढला गेला किंवा नांगर निसटून पुढे वाहत गेला तर रस्ता अडतो. टाक्याच्या प्रकारात टाक्याने पुढच्या भिंतीबरोबर मागची भिंतही पकडली तरी तेच. धमनी आधीच बारीक असेल, मागच्या भिंतीवर चुन्यासारखा कडक थर साचलेला असेल, तर आत जागाच कमी असते. नांगराच्या डिव्हाइसच्या सूचनांमध्येच लिहिलेलं असतं की धमनीचा व्यास ४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर वापरू नये. त्यासाठी लावण्याआधी त्या धमनीत डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारं औषध, सोडून एक फोटो घ्यायचा असतो. तो तुमच्या बाबांचा घेतला होता का, हे जरूर विचारा. अँजिओप्लास्टीच्या सीडीवर असेल.

आता हाताने दाबलं असतं तर, या प्रश्नाबद्दल. माझ्या अनुभवात निम्मी गोष्ट सुई कुठे शिरली तिथेच ठरते. जांघेतली मुख्य धमनी खुब्याच्या हाडाच्या गोल डोक्यावरून जाते. तिथे टोचलं तर बोटाखाली हाड असतं, दाबायला आधार मिळतो. त्याच्या खाली गेलं की धमनीला फाटा फुटतो. तिथल्या शाखा बारीक आणि खाली हाड नाही. वर, जांघेच्या पट्ट्याच्या (मांडी आणि पोट यांच्या सीमेवर आत असलेल्या तंतूंच्या पट्टीच्या) पलीकडे गेलं तर रक्त पोटामागच्या जागेत जातं आणि बाहेर काही दिसत नाही. जाड माणसाच्या कातडीची घडी तर हमखास फसवते, ती पट्ट्याच्या बरीच खाली लोंबलेली असते. चुकीच्या जागच्या भोकावर डिव्हाइस लावलं म्हणून जागा बरोबर होत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका रात्रपाळीला माझ्याकडे बारीक अंगाच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या आसपासच्या. डिव्हाइस पहिल्या झटक्यात बसलं होतं. जांघ मऊ, सपाट, ड्रेसिंग कोरडं. दोन तासांनी त्या म्हणाल्या, "सिस्टर, कंबर फार दुखतेय हो." मी उशी दिली. उताणं पडून दुखत असेल असं वाटलं. वीस मिनिटांनी बघते तर अंग घामाने थबथबलेलं, वरचं प्रेशर १३० वरून ८४. नाडी मात्र ७२, कारण बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी वाढू न देणारं औषध, चालू होतं, त्यामुळे धोक्याची ती खूणही झाकली गेली. मी पुन्हा जांघ बघितली, तशीच स्वच्छ. सीटीमध्ये पोटामागे रक्ताचा मोठा साठा होता. सुई पट्ट्याच्या वर गेलेली. त्या वाचल्या, तीन पिशव्या रक्त लागलं. ती उशी मी आजही विसरलेले नाही. त्यानंतर जांघेतून काम झालेला कुठलाही पेशंट कंबर, कूस किंवा ओटीपोट दुखतं म्हणाला की मी आधी प्रेशर घेतलं, नातेवाइकांनाही तेच शिकवलं, आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगितली.

डॉपलरचं काय झालं ते कळवा. मी वाट बघते.

माळरान
मलाही दोन वर्षांपूर्वी असाच प्लग लावला होता. चार तासांत चाललो, काही त्रास नाही. वाटाण्याएवढी गाठ मलाही होती, अडीच महिन्यांनी शोधूनही सापडेना. काळंनिळं तर पार गुडघ्याच्या खाली उतरलं होतं, बायको घाबरून गेली होती. बहुतेकांचं माझ्यासारखंच होतं, म्हणून हे लिहिलं. पण पोटरीचं मला काही नव्हतं, त्या बाबतीत सिस्टरांचं ऐका.

आकडेमोड
मी वैद्यकीय नोंदींच्या विश्लेषणाचं काम करतो, डॉक्टर नाही. पैलतीर यांच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल, म्हणजे हाताने दाबणं बरं की डिव्हाइस, जेवढं ठाम माहीत आहे तेवढं सांगतो. घाईत असाल तर नंतर वाचा, आधी डॉपलर.

२००४ साली जामा या नियतकालिकात तोवरच्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. निष्कर्ष सावध होता: डिव्हाइसांनी रक्त लवकर थांबतं, पण हिमॅटोमा (कातडीखाली साकळलेल्या रक्ताची गाठ) आणि स्यूडोअ‍ॅन्युरिझमचा धोका वाढत असण्याची शक्यता आहे. २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्पष्ट लिहिलं की धमनीच्या गुंतागुंती कमी व्हाव्यात म्हणून ही डिव्हाइसं सरसकट वापरू नयेत, आणि वापरण्याआधी जागा योग्य आहे की नाही हे फेमोरल अँजिओग्रामने बघावं. सिस्टरांनी सांगितलेला फोटो तो हाच.

मग २०१४ मध्ये जर्मनीतली इसार-क्लोजर ही मोठी चाचणी आली. ४,५२४ पेशंट, दोन प्रकारची डिव्हाइसं विरुद्ध हाताचा दाब. गुंतागुंत डिव्हाइसवाल्यांत ६.९ टक्के, दाबवाल्यांत ७.९ टक्के, म्हणजे डिव्हाइस हाताच्या दाबापेक्षा कमी पडलं नाही. रक्त थांबायला मध्यक वेळ १ मिनिट विरुद्ध १० मिनिटं. पण यातले पेशंट फक्त अँजिओग्राफीचे होते, नळी ६ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप), आणि जांघेतली धमनी कॅल्शियमने भरलेली असेल तर त्यांना घेतलंच नव्हतं. बाबांचं वय ७१ आहे, स्टेंट बसलाय, रक्त पातळ करणारी औषधं जोरात चालू आहेत. हा आकडा त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते २०१७ चं काम, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेलं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या माहितीवर डेल्टा नावाच्या संगणकीय पद्धतीने मिंक्स या जेलवाल्या डिव्हाइसवर सतत नजर ठेवली. ते लावलेले ७३,१२४ पेशंट आणि दुसरी मान्यताप्राप्त डिव्हाइसं लावलेले तसेच पेशंट यांची तुलना केली. धमनीची कुठलीही गुंतागुंत १.२ टक्के विरुद्ध ०.८ टक्के निघाली. फरक लहान दिसतो. आपल्या वॉर्डात वर्षाला दोनशे डिव्हाइसं लावणाऱ्या डॉक्टरांना तो डोळ्यांनी कधीच दिसणार नाही, एखादा पेशंट इकडे, एखादा तिकडे. पण यंत्रणेला पहिला इशारा नजर ठेवायला लागल्यापासून १२ महिन्यांच्या आत मिळाला होता. कोणीतरी तक्रार पाठवेल याची वाट बघत बसलो तर हे कळायला किती वर्षं गेली असती, या विचाराने मी अस्वस्थ होतो.

हे सगळं कशावर उभं आहे? कोणत्या पेशंटला कोणतं डिव्हाइस लावलं, याच्या नोंदीवर. तुमच्या कागदावर "क्लोजर डिव्हाइस वापरलं" एवढंच आहे, हे वाचून मला खरंच राग आला. डिव्हाइसच्या पाकिटावर नाव, प्रकार आणि बॅच नंबरचं स्टिकर असतं आणि ते केसपेपरवर चिकटवायचं असतं. मागून घ्या, तुमचा हक्क आहे तो.

मनगटाबद्दलही एक सांगतो, कारण बाबांचं तिथून जमलं नाही. २०११ च्या रायव्हल चाचणीत ७,०२१ पेशंट होते. धमनीच्या मोठ्या गुंतागुंती मनगटातून १.४ टक्के, जांघेतून ३.७ टक्के. म्हणजे डॉक्टरांनी आधी मनगट निवडलं ते बरोबरच होतं.

सुनबाई
मी घाबरवायला लिहीत नाही, पण सिस्टरांच्या उत्तरात एक गोष्ट राहिली. सासूबाईंना २० वर्षांचा मधुमेह. त्यांनाही जांघेत प्लग लावला होता. आठवडाभर सगळं छान. अकराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि जांघेत लाल, गरम झालं, थोडं पिवळं पाणी यायला लागलं. आम्ही जवळच्या डॉक्टरांकडे गेलो, ते म्हणाले गळू आहे, मलम आणि पाच दिवसांच्या गोळ्या. आम्हीही त्यांना प्लगबद्दल सांगितलं नाही, आमच्या डोक्यातच आलं नाही. चौथ्या दिवशी ड्रेसिंग रक्ताने भिजलं.

धमनीच्या भिंतीपर्यंत जंतू पोचले होते. रक्ताच्या तपासणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू निघाला. ऑपरेशन करून उरलेला प्लग आणि सडलेला भाग काढला, पायातल्याच शिरेचा तुकडा घेऊन धमनी दुरुस्त केली, पुढे सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. सासूबाई आता चालतात, पण तो पाय सुजतो. प्लग लावलेल्या माणसाला जांघेत लाली, स्राव किंवा ताप आला तर कुठल्याही डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की इथे धमनीत डिव्हाइस आहे.

निवृत्त सिस्टर
सुनबाई, बरं झालं लिहिलंत. जंतुसंसर्ग शंभरात एकालाही होत नाही, पण झाला तर धमनीचाच होतो, म्हणून तो गळवासारखा हाताळता येत नाही. मधुमेही आणि वजन जास्त असलेल्यांना धोका जास्त. आमचे एक वरिष्ठ डॉक्टर डिव्हाइस उघडण्याआधी हातमोजे बदलायचे, जांघ पुन्हा जंतुनाशकाने पुसायला लावायचे आणि वर नवीन निर्जंतुक कापड टाकायचे. काम लांबलं असेल तर नळी तासभर तिथे उघडी असते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. आम्ही नव्या मुली घाई करायचो तेव्हा ते शांतपणे थांबून राहायचे, मोजे मिळेपर्यंत.

आकडेमोड, तुमचं डेल्टाचं वाचून मला जुने दिवस आठवले. आम्ही एका वहीत प्रत्येक हिमॅटोमा लिहायचो, बोटांनी मोजून किती सेंटिमीटर ते. डिव्हाइसचं नाव मात्र त्या वहीत नसायचं. आत्ता हे लिहिताना त्याची खंत वाटते.

पैलतीर, कळवा हो.

पैलतीर
सिस्टर, आकडेमोड, सगळ्यांचे आभार. उशीर झाला, गेले सहा दिवस हॉस्पिटलमध्येच होतो.

तुमचं उत्तर वाचून मी लगेच बाबांची पावलं बघितली. उजवं गार होतं, अगदी हाताला कळण्याइतकं. नाडी मला डावीकडे लागली, उजवीकडे लागली नाही. बाबा तरीही "उद्या जाऊ" म्हणत होते. आईने चप्पल काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि काही बोलली नाही. मग निघाले.

डॉपलरमध्ये बरोबर सुई टोचली त्याच जागी धमनी खूप अरुंद झालेली दिसली, खाली प्रवाह मंद. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर डावीकडे १.० आणि उजवीकडे ०.५५. सीटी अँजिओ झाला. रक्तवाहिन्यांच्या सर्जननी स्क्रीनवर दाखवलं: सुई धमनीला जिथे फाटा फुटतो अगदी तिथे शिरली होती, आणि मागच्या भिंतीवर कॅल्शियमचा जुना थर होता, जो आम्हाला कधीच माहीत नव्हता. त्यांनी जांघ उघडून आत गेलेला कोलॅजनचा तुकडा आणि नांगर काढला, कडक थर खरवडला आणि वर पॅच लावून धमनी शिवली. स्टेंट नवा म्हणून दोन्ही गोळ्या चालूच ठेवून ऑपरेशन केलं, त्यामुळे निचऱ्याची नळी दोन दिवस ठेवावी लागली. आता पाऊल गरम आहे. काल बाबा कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन आले, पोटरी भरली नाही. ते परत येईपर्यंत मी घड्याळाकडेच बघत होते.

सीडी तपासली. डिव्हाइस लावण्याआधीचा फोटो त्यात नाही. पहिल्या डॉक्टरांना मी विचारलं. ते रागावले नाहीत, म्हणाले की मनगटातून वेळ गेला होता, बाबांच्या छातीत तेव्हाही दुखत होतं आणि तो फोटो राहून गेला. मी त्यांच्याशी भांडले नाही. त्यांनी बाबांचं हृदय वाचवलं, हे मला माहीत आहे. पण तो फोटो घ्यायला हवा होता, हेही मी त्यांना सांगितलं. ते हो म्हणाले. स्टिकर केसपेपरवर सापडलं, त्याचा फोटो काढून घेतला. सर्जननी त्याबद्दलची तक्रार स्वतः भरतो म्हटलंय.

एक विचारायचं होतं. पुढे कधी पुन्हा अँजिओग्राफी लागली तर?

निवृत्त सिस्टर
किती बरं वाटलं वाचून. आईंना माझा नमस्कार सांगा.

पुढच्या वेळी आधी डावं मनगट, ते नाहीच जमलं तर डावी जांघ, सोनोग्राफीत धमनी बघून. २०१० च्या फाउस्ट चाचणीत १,००४ पेशंट होते, त्यात सोनोग्राफी बघून टोचलेल्यांना धमनीची गुंतागुंत १.४ टक्के आणि नुसत्या क्ष-किरणांवर टोचलेल्यांना ३.४ टक्के झाली. डाव्या जांघेतही कॅल्शियमचा थर असणार असं धरून चाला, एका बाजूला असतो तर बहुधा दोन्हीकडे असतो. तिथे डिव्हाइस लावायचं की हाताने दाबायचं, ते फोटो बघूनच ठरवा म्हणावं. दाबायचं ठरलं तर बाबांना आधीच सांगून ठेवा की रात्र उताणं काढावी लागेल, म्हणजे ते चिडणार नाहीत.

फाइलच्या पहिल्या पानावर, आतल्या कुठल्या रिपोर्टात नव्हे, मोठ्या अक्षरात लिहा: उजवी जांघ, धमनीवर शस्त्रक्रिया, पॅच आहे, इथे सुई नको. तारीख घाला. इमर्जन्सीत कोणी आतली पानं उलटत नाही. टाके निघेपर्यंत रोज जांघ बघत जा. सुनबाईंनी लिहिलेली लाली आणि स्राव आता ऑपरेशनच्या जखमेलाही लागू आहेत.

पैलतीर
लिहिलं. लाल मार्करने, आणि एक प्रत बाबांच्या पाकिटातही ठेवली. ते म्हणाले, स्टेंटचं कार्ड आहे त्याच्यामागेच ठेव, एकत्र सापडेल. टाके मंगळवारी काढणार आहेत.